हॅलमसाहेब आत आहेत

२१ जुलै १९५९

काल सनद मिळाली. नाव पुकारलं, मी पुढे गेले, मान लववली, सही केली, मागे आले. परीक्षा कधीच झाल्या होत्या. पण आमच्या इनच्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेच्या, दिवाणखान्यात ठरलेली जेवणं जेवल्याशिवाय सनद मिळत नाही. चौघांची पंगत, पंगतीबाहेर बोलायचं नाही, प्रार्थना होईपर्यंत उठायचं नाही. आईला हे अजून पटलेलं नाही. उत्तरेकडच्या हॅलिफॅक्सहून ती काल मुद्दाम आली होती. गॅलरीतून खाली आल्यावर म्हणाली, "जेवायचे गुण देतात का गं? तसं असतं तर तुझा बाप न्यायाधीश झाला असता."

मग हळूच विचारलं, "आता तू कुणाला सोडवणार?"

कुणालाच नाही, असं मी सांगितलं नाही.

हॅलमसाहेबांकडे मी उमेदवारी करते. ते आले तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "आजपासून नाही, मिस ओल्डरॉइड. बॅरिस्टर एकमेकांचा हात हातात घेत नाहीत." आईला हे उर्मट वाटलं. मला मात्र बरं वाटलं. ते मला बॅरिस्टर म्हणाले होते.

३० जुलै

उद्यापासून कोर्टांची मोठी सुट्टी. आवारात बॅगा, टॅक्स्या, माळी. सगळे चाललेत. मी राहणार, कारण हॅलमसाहेब राहणार. ते चेंबरच्या, म्हणजे आमच्या बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीच्या, वरच्या मजल्यावरच काम करतात आणि तिथेच राहतात. त्यांना घरचं कोणी नाही.

पहिल्या मजल्यावरचे सेल जिन्यात भेटले. वयाने माझ्याएवढे, पण त्यांना चेंबरमध्ये कायमची जागा मिळून दोन वर्षं झाली. हातात मासे धरायची काठी.

"सुट्टीतही इथेच? हॅलमच्या जिन्यावर पहारा?"

"काम आहे."

"असणारच. त्यांना समुद्र दाखवला तर ते लाटांवर हरकत घेतील." मग जरा थांबून, "जागेचं काही कळलं?"

नाही कळलं. ऑक्टोबरच्या बैठकीत ठरेल. उमेदवारी ज्यांच्याकडे केली त्यांचा शब्द तिथे शेवटचा असतो. ते होय म्हणाले तर खालच्या दारावर नावांच्या रांगेत माझं नाव रंगवतील. या चेंबरमध्ये बाईला कधी जागा दिलेली नाही. नाही म्हणाले तर हॅलिफॅक्सला इबॉट्सन सॉलिसिटरच्या कचेरीत टाइपरायटर माझी वाट बघतोय.

४ ऑगस्ट

मसुदा परत मिळाला. लाल पेन्सिलीने अर्धा खाल्लेला. "मला वाटतं" जिथे जिथे होतं तिथे काट मारलेली.

"तुम्हाला काय वाटतं याची फी कुणी देत नाही," हॅलमसाहेब म्हणाले. "आधी बसून लिहायला शिका. मग उभं राहून बोलायला."

त्यांचा रंग राखेसारखा झालाय. बोलताना दोनदा टेबलाची कड धरली. मी पाणी आणू का विचारलं. त्यांनी नवे कागद पुढे सरकवले. हल बंदरातला डथी नावाचा दोरखंडाचा व्यापारी. एके सकाळी टोपी घालून बाहेर पडला, तो आलाच नाही. सात वर्षं उलटली. बायको म्हणते तो मेला, विम्याचे पैसे द्या. कंपनी म्हणते दोन शेजाऱ्यांनी त्याला नंतर गावाबाहेरच्या मैदानाच्या कडेला पाहिलं. चेहरा नाही, टोपी आणि पोक. कंपनीकडून हॅलमसाहेब आहेत. कंपनीचे सॉलिसिटर बड यांना अभिप्राय हवाय.

"दिसत नाही म्हणून माणूस मेला, असं कायदा म्हणत नाही," ते म्हणाले. "ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांनी चौकशी केली का, हे कायदा विचारतो. तिथून सुरुवात करा."

मी बाहेर पडले. मागे त्यांनी बाहेरचं दार ओढून घेतलं.

इथे प्रत्येक खोलीला दोन दारं. आतलं साधं. बाहेरचं ओकचं, जाड, काळं. ते लावलेलं असलं की माणूस नाही असं समजायचं, जरी तो आत आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी. ठोठावायचं नाही. शेजारच्या चेंबरमधल्या एका उमेदवाराने गेल्या वर्षी ठोठावलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. जागाही कुणी दिली नाही.

११ ऑगस्ट

डथीचा अभिप्राय गुरुवारी दाराच्या फटीतून आत टाकला होता. आज टॅप्सेलनी तो माझ्या हातात ठेवला. टॅप्सेल आमचे मुख्य कारकून. कुणाला कुठलं काम, कुणाची किती फी, सगळं त्यांच्या हाती, आणि प्रत्येक फीत त्यांचा वाटा. बॅरिस्टरांना ते साहेब म्हणतात आणि वाटेल तसं वळवतात.

"साहेबांनी पाहिला?"

"पाहिला म्हणूनच देतोय."

पानं उलटली. एक रेघ नाही. एक काट नाही. आवारात जाऊन बाकावर बसले आणि पुन्हा सगळी पानं उलटली. आईला पोस्टकार्ड टाकलं: साहेबांना माझं लिखाण पसंत पडलं.

१७ ऑगस्ट

उकाडा. नदीकडून वारा नाही. हिरवळ पिवळी पडली.

झाडलोट करणाऱ्या मिसेस पेग जिन्यावर नाकाला पदर लावावा तसा ॲप्रनचा कोपरा लावून उभ्या होत्या.

"पोरी, तुला नाही येत वास?"

"कसला?"

"माझा नवरा एकदा तळघरात ससा विसरला होता, तसा. टॅप्सेल म्हणे भिंतीत उंदीर मेला. उंदीर! एवढ्या वासाचा उंदीर असेल तर त्याला इथे जागा द्यायला हवी."

"वरची खोली तुम्ही झाडत नाही?"

"दार लावलेलंय. आठवडा झाला, दूधही उचललं नाही. मी म्हटलं टॅप्सेलला, ठोठावते. तर माझ्यावर असा गुरकावला की मी बादलीच सोडली."

संध्याकाळी टॅप्सेलनी सगळ्या जिन्यावर फिनेल ओतलं. स्वतः, कोट काढून.

२० ऑगस्ट

आज वर गेले होते. बड यांचा निरोप होता, एवढं कारण पुरेसं होतं. दारासमोर उभी राहिले. ओकला कान लावला नाही, पण जवळ गेले. आत माश्यांचा आवाज होता. पुष्कळ माश्या. उन्हाळ्यात असतातच. साहेबांना खिडकी उघडायचा कंटाळा.

हात वर केला. मूठ वळलेली होती.

मग विचार केला. ते आत आहेत आणि काम करतायत, तर एका टकटकीने सगळं जाईल. आणि आत नसतील, तर ठोठावून उपयोग नाही. दोन्हीकडून उत्तर एकच निघतं. निरोप फटीतून टाकला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. कागदांवर कागद पडला असावा.

२४ ऑगस्ट

सकाळी लवकर आले तर टॅप्सेल आणि त्यांचा मेहुणा वरच्या खोलीतला गालिचा गुंडाळून जिन्याने खाली आणत होते. वळणावर दोघांना पेलेना. मी खालून हात लावायला गेले तर टॅप्सेल ओरडले, "नको, मिस! धूळ आहे." त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ पांढरे.

गालिचा बंद गाडीत गेला. मग ते माझ्या टेबलाशी आले, टाय नीट केला.

"धुवायला दिला. साहेब समुद्रकिनारी गेलेत, हवापालटाला. डॉक्टरांचा हुकूम. कुणाला भेटायचं नाही, कुणाला पत्ता द्यायचा नाही."

"कधी गेले?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा." मग आवाज मऊ करून, "काम थांबता कामा नये, एवढंच म्हणाले. तुम्ही लिहा, मी पोचवतो. तुमच्यावर भरवसा आहे त्यांचा. ऑक्टोबर काही लांब नाही, मिस."

वास गेला. मिसेस पेगनी वर जाऊन खोली घासली. खाली आल्या त्या सरळ दाराकडे निघाल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "मला तीन नातवंडं आहेत, पोरी," आणि बादली घेऊन गेल्या. उद्यापासून वेगळीच बाई येणार, असं टॅप्सेल म्हणाले.

३ सप्टेंबर

रोज नवे कागद. भाडेकरार, मृत्युपत्र, पाण्याच्या हक्काचा तंटा. सगळ्यांवर हॅलमसाहेबांचं नाव. मी लिहिते, टॅप्सेल नेतात. बड कळवतात की हॅलम इतकं नेमकं पूर्वी कधी लिहीत नव्हते.

आज टॅप्सेल म्हणाले, "साहेबांचा हात दुखतोय. सहीपुरते कागद टपालाने पाठवणं धोक्याचं. तुम्हीच करा."

"त्यांची सही?"

"काम तुमचं, नाव त्यांचं. उमेदवार दुसरं काय करतात?"

हे खरं आहे. प्रत्येक उमेदवार साहेबांच्या नावावर लिहितो, ती इथली जुनी रीत. सही त्याच वाटेवर एक पाऊल पुढे. तरी पहिली सही खोटी दिसली. नंतरची बरी. दुपारपर्यंत मीच माझी आणि त्यांची वेगळी ओळखू शकले नसते.

लिहीत असताना डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, खिडकीपर्यंत आणि परत. टॅप्सेल तेव्हा माझ्यासमोर उभे होते. दोघांनीही वर पाहिलं.

"जुनं लाकूड," टॅप्सेल म्हणाले.

मान मात्र त्यांनी बराच वेळ खाली केली नाही.

१४ सप्टेंबर

खालच्या खोलीत ओल धरली म्हणून टॅप्सेलनी माझं सामान वर हलवलं. हॅलमसाहेबांच्या टेबलाशी बसते. गालिचा होता तिथे फळ्या फिक्या आहेत, घासून पांढऱ्या केलेल्या, आणि एका जागी त्याहून पांढऱ्या. मी पाय त्या बाजूला ठेवत नाही.

बाहेरचं दार लावून घेते. कुणी येत नाही. अशी शांतता मला आयुष्यात मिळाली नव्हती. घरी एका खोलीत पाच जणं होतो.

मसुद्यात कुठे शब्द जास्त झाला की मागे कुणी तरी श्वास रोखल्यासारखं होतं. मी तो काढते. श्वास सुटतो. भीती वाटली, ती पहिल्या दिवशी. आता त्याची वाट बघते. इतक्या दिवसांत माझं लिखाण कुणीच तपासलं नव्हतं.

बड यांचा फोन. मी "हॅलो" म्हटलं.

"हॅलम! तुमचा आवाज बसलाय. समुद्रावर नीट पांघरत नाही वाटतं?"

चूक दुरुस्त करायला हवी होती. पण ते लगेच डथीवर आले, आणि ते विचारत होते ते मलाच ठाऊक होतं.

१ ऑक्टोबर

कोर्टं उघडली. जिन्यात पुन्हा पावलं, हाका. सेल कॉर्नवॉलहून तांबडे होऊन आलेत. बाहेरून त्यांचा आवाज ऐकला. "हॅलम परत आले?"

"आत आहेत, साहेब," टॅप्सेल म्हणाले.

"आणि त्यांची ती उमेदवार?"

"असेल इथेच कुठेतरी."

सेल दाराशी आले. लावलेलं पाहून वळले.

८ ऑक्टोबर

डथीची सुनावणी.

काल टॅप्सेलनी हॅलमसाहेबांचा गाउन आणि विग माझ्यापुढे ठेवला. गाउन खांद्यात उसवून पुन्हा शिवलेला. "मापाने केलाय." मी म्हटलं, साहेबांच्या वतीने उभी राहते असं न्यायाधीशांना सांगेन. ते म्हणाले, "सांगा. ऐकलं तर."

मी उठले. "माय लॉर्ड, मी मिस्टर हॅलम यांच्या वतीने..." न्यायाधीश लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "हं, मिस्टर हॅलम." सेल मागच्या बाकावर दुसऱ्या कामासाठी बसले होते. त्यांनी पाहिलं, आणि मोठ्यांना करतात तशी मान लववली.

मग मी बोललो. एकदाही अडखळलो नाही. ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांनी चौकशी केली का? बायकोने एकदाही त्या मैदानावर जाऊन पाहिलं नाही. जी खबर ऐकायचीच नाही, ती न आल्याचा आधार घेता येत नाही. टोपी पाहिली आहे, पोक पाहिली आहे. कायद्यापुढे डथी जिवंत आहे.

न्यायाधीशांनी मान्य केलं.

बाहेर बाकावर मिसेस डथी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, हातमोजे शिवलेले. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. आज दिवसभरात एवढं नीट कुणी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही बाई आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तरी कळायला हवं होतं. कशी जाणार होते मी तिथे? तिथे तोच निघाला असता तर?"

मी कागदांची फीत आवळली.

"आहे म्हणता ना? मग दाखवा. एकदा दाखवा मला."

दाखवणं हे आमचं काम नाही, असं मी सांगितलं. ते बरोबरच आहे. परत येताना पूल ओलांडून फार लांब चालत गेले, कुठे ते आठवत नाही.

१२ ऑक्टोबर

आज बैठक. खाली सगळे जमले होते, वरपर्यंत हशा ऐकू येत होता. दुपारी टॅप्सेल किल्लीने दार उघडून आत आले. बशीत चिठ्ठी.

"अध्यक्ष म्हणाले, हॅलमचं दार लावलेलं आहे, वर जाऊन त्रास नको, विचारून घ्या."

चिठ्ठीवर एकच ओळ होती. मिस हेस्टर ओल्डरॉइड यांना जागा द्यावी का?

किती तरी वेळ मी ती ओळ बघत होते. होय लिहायला एक शब्द लागतो. हेच तर हवं होतं. ती जेवणं, त्या परीक्षा, आईचं गिरणीतलं रात्रपाळीचं काम, सगळं याच एका शब्दासाठी.

"टॅप्सेल, तुम्ही काय म्हणता?"

"मी कोण म्हणणारा, साहेब?"

साहेब. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"एवढंच," ते म्हणाले, "की त्या बाई खाली बसल्या तर या टेबलावरचं कोण बघणार? बाईच्या नावाने बड पोस्टाचं तिकीटसुद्धा पाठवायचे नाहीत. रिकामं टेबल, सुकलेली शाई. मी पाहिल्यात अशा बायका. वर्षभरात शाळामास्तरीण होतात. इथे बघा." टेबलावर लाल फितीत बांधलेल्या कागदांची चळत होती. शुक्रवारी मी उभी राहणार आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा.

मागे श्वास रोखलेला होता.

साहेबांनी काय लिहिलं असतं, याचा मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. त्यांना मी त्यांच्या शब्दांइतकी ओळखते. मग पेन उचललं. "मेहनती आहे. शब्द कमी वापरायला शिकली. पण नको." खाली सही केली.

टॅप्सेलनी शाई टिपली.

श्वास सुटला. माझाच होता, असं वाटतं.

२३ ऑक्टोबर

सकाळपासून जहाजाच्या करारावर बसलो होतो. अकराच्या सुमाराला जिन्यात बाईचा आवाज आला. उत्तरेकडचा हेल, दम लागलेला.

"ओल्डरॉइड. हेस्टर ओल्डरॉइड. इथेच काम करते ती."

"करत होत्या," टॅप्सेल म्हणाले. "त्यांना जागा मिळाली नाही, बाई. गेल्या त्या."

"गेली? कुठे गेली? घरी तर आली नाही. कार्ड नाही, निरोप नाही. खोलीची मालकीण म्हणते, सामान कुणीतरी येऊन नेलं."

"तरुण मुली असतात..."

"अहो, तरुण मुली असतील तुमच्या इथल्या. माझी हेस्टर दुकानात जायची तरी सांगून जायची." पावलं वर येऊ लागली. जड, एकेक पायरी थांबत. "वर कोण आहे?"

"हॅलमसाहेब. पण दार लावलेलं आहे. बाई, दार लावलेलं असताना..."

ती ठोठावू लागली. तळहाताने, गिरणीच्या फाटकावर उशीर झालेले ठोठावतात तसं. ओक जाड आहे, तरी टेबल हललं. शाईचा थेंब करारावर पडला.

"साहेब! अहो साहेब! तुमच्याकडेच होती ना ती? एवढंच सांगा, शेवटची कधी पाहिलीत?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो. कडी माझ्या हाताशी होती. पलीकडे ती जोराने श्वास घेत होती. तिच्या कोटाला घरच्या कोळशाचा वास येतो, तो फटीतून आत आला. मी काय सांगावं, ते आठवून पाहिलं. उत्तर सापडलं असतं तर दिलं असतं.

बऱ्याच वेळाने ती वरच्या पायरीवर बसल्याचा आवाज झाला. मी परत येऊन पान नव्याने लिहायला घेतलं.

चहाच्या वेळी टॅप्सेल आत आले.

"साहेब, कुणा मिस ओल्डरॉइडच्या आई येऊन गेल्या."

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही, साहेब. दमल्या होत्या. मी त्यांना स्टेशनची बस दाखवली."

मी मान डोलावली. उद्याचे कागद ठेवून ते गेले आणि जाताना बाहेरचं दार ओढून घेतलं.